गल्लीचे जावई आणि शाळेचं गेट

ज्या माणसाला शाळेच्या आवारात पाऊल ठेवू द्यायचं नव्हतं, तो माझ्या खुर्चीवर बसून चहा पीत होता. बशीत ओतून, फुंकर मारून. शेजारच्या स्टुलावर बिस्किटांचा पुडा. व्हिजिटर रजिस्टर टेबलावर उघडं होतं. मी वाचलं. नावाच्या रकान्यात ‘जावई’. येण्याचं कारण, ‘पाहुणे’. वेळ मात्र बरोबर लिहिली होती, चार वाजून दहा मिनिटं.

त्याला आत घ्यायचं नव्हतं हे त्या क्षणी मलाही ठाऊक नव्हतं. मला राग आला तो खुर्चीचा आणि रजिस्टरचा.

मी आहेर. मूळचा देवळ्याचा. अंबडच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं सिक्युरिटीत काढली, शेवटची काही सिक्युरिटी ऑफिसर म्हणून. लोकांना वाटतं सिक्युरिटी म्हणजे सलाम ठोकणं. तसं नाही. सिक्युरिटी म्हणजे ‘नाही’ म्हणणं, आणि समोरचा कितीही मोठा असला तरी तेच म्हणणं. हेल्मेट नव्हतं म्हणून मी एकदा आमच्या डायरेक्टरांना प्लँटच्या दारात उभं केलं होतं. त्यांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि नंतर वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

रिटायर झाल्यावर दोन महिने घरात बसलो. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘कुठून आलात, काम काय’ विचारायला लागलो, तेव्हा बायको म्हणाली, “कुठेतरी जाऊन उभे राहा.” म्हणून मी पंचवटीच्या बाजूच्या महापालिकेच्या एका शाळेत जाऊन उभा राहिलो. शाळेचा नंबर सांगत नाही. सांगून उपयोगही नाही.

तिथल्या मुख्याध्यापिका जाधव मॅडम. शाळेला शिपाई एक. त्यानेच घंटा द्यायची, पाण्याची मोटार लावायची, बँकेत जायचं आणि उरलेल्या वेळात गेट सांभाळायचं. त्यात मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज पालकांच्या मोबाइलवर फिरायला लागले. टोळी कुणी पाहिली नव्हती, पण हजेरी निम्म्यावर आली. मग मॅडमनी गल्लीतली माणसं गोळा केली. पगार नाही, पाळी दोन तासांची, आणि ट्रेनिंग द्यायला मी.

सहा स्वयंसेवक मिळाले. त्यातल्या दोघांशी या गोष्टीचा संबंध आहे. एक भास्करराव, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. ते अजूनही माणसाच्या चेहऱ्याआधी हाताकडे बघतात. दुसऱ्या सुमनबाई. मळ्यात निशिगंध आणि झेंडू, पहाटे फुलबाजार, अकराला मोकळ्या. नऊवारीवर मी दिलेलं पिवळं रिफ्लेक्टर जॅकेट घालून त्या गेटवर उभ्या राहिल्या की रिक्षावाले आपोआप रांगेत यायचे.

ट्रेनिंग मी कंपनीसारखंच दिलं. कसर ठेवली नाही. टेलगेटिंग म्हणजे एकाच्या मागून दुसऱ्याने न विचारता आत शिरणं, ते कसं रोखायचं. शिट्टी लक्ष वेधायला एकदा, धोका असेल तर तीनदा. प्रत्येक मुलाचं पिकअप कार्ड, म्हणजे फोटो आणि न्यायला येणाऱ्याचं नाव असलेलं कार्ड. कार्ड नाही तर मूल नाही. हे सगळं मी अकरा पानांत लिहून काढलं. कंपनीत त्याला एसओपी म्हणतात. कामाची ठरलेली पद्धत, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘अनोळखी व्यक्तीला प्रवेश नाही.’

मग मॉक ड्रिल घेतलं. म्हणजे खोटं संकट उभं करून खरी तयारी बघायची. माझ्या साडूच्या मुलाला अनोळखी म्हणून पाठवला. सुमनबाईंनी त्याला बसवून ठेवला, त्याच्या आईचा नंबर काढून घेतला, तिला फोन लावला आणि पोरगं काय करतं, लग्न का नाही, सगळी चौकशी करून मगच सोडला. पुढच्या आठवड्यात शिक्षण विभागाचे एक अधिकारी आयकार्ड विसरून आले. भास्कररावांनी त्यांना बाहेर उन्हात उभं ठेवलं. अधिकारी तापले. मी मनातून खूश झालो. म्हटलं, झालं आपलं काम, आता इथे माशीसुद्धा कार्डाशिवाय शिरणार नाही.

आणि त्या बुधवारी हा माणूस माझ्या खुर्चीत.

“भास्करराव, हे कोण?”

“जावई आहेत, साहेब.”

“कोणाचे?”

“गल्लीचे.”

हे नीट सांगायला हवं. शाळेच्या मागच्या गल्लीत लता नावाच्या मुलीचं माहेर आहे. लता अंबडला एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला. तिची मुलगी कावेरी याच शाळेत तिसरीत. हा लताचा नवरा, पिंपळगाव बसवंतचा, कांद्याच्या टेम्पोवर. आपल्याकडे एका घरचा जावई तो सगळ्या गल्लीचा जावई. त्यात त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. अधिक महिन्यात जावयाचा मान काय असतो ते मी सांगायला नको. त्याला अनारसे द्यायचे, ओवाळायचं, वाण द्यायचं. त्याच्याकडे पिकअप कार्ड मागायचं हे कुठल्याच पोथीत लिहिलेलं नाही.

“कार्ड बघितलं?”

भास्कररावांनी सुमनबाईंकडे बघितलं. सुमनबाई पदर सारखा करत हळू म्हणाल्या, “सायेब, जावयाला कार्ड काय मागायचं? लताचा बा ऐकंल तर काय म्हणंल? आन पोरीचा बापच हाय तो. लय दिसांनी आलेत. पोरीला जरा लवकर सोडा म्हणालेत, मी वर्गात निरोप धाडलाय.”

बाहेर गेटसमोर एक टेम्पो उभा होता. इंजीन चालू. ड्रायव्हरच्या सीटवर कुणीतरी बसलेला. ज्याला दहा मिनिटं मुलीला भेटायचंय तो गाडी चालू ठेवत नाही. सव्वीस वर्षांत एवढं तरी कळतं. मी सरळ मॅडमच्या ऑफिसात गेलो.

“मॅडम, तिसरीतल्या कावेरीचे वडील आलेत.”

जाधव मॅडम उठल्याच. कपाट उघडलं, आतला छोटा कप्पा उघडला, त्यातून एक पाकीट काढलं. कोर्टाचा हुकूम. मुलगी आईच्या ताब्यात राहील. वडिलांनी पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत भेटायचं. शाळेतून न्यायचं नाही.

“हे गेटवर का नाही?” मी विचारलं. आवाज चढला होता, कबूल करतो.

“लताचे वडील पाया पडले हो माझ्या. गल्लीत कुणाला कळू देऊ नका म्हणाले. लोकांना सांगितलंय की पोरीच्या शाळेसाठी लता इथे राहतेय.”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे त्या मुठीत पोर होती.

मॅडमनी लताला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. मॅडमचं एक वाक्य होईस्तोवर तो आवाज थांबला, बहुतेक लता बाहेर धावली.

“मॅडम, सोडू नका तिला. मागच्या वेळी दोन दिवसांसाठी म्हणून नेली होती. चार महिने तोंड दिसलं नाही मला. कुठे ठेवली ते पण सांगायचे नाहीत. मी निघाले, पण अंबडहून यायला पाऊण तास तरी लागेल. तोवर तिला सोडू नका.”

फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की वर्गात निरोप कधीच गेलेला आहे.

मी धावलो. बासष्टाव्या वर्षी जितकं धावता येतं तितकं. कावेरी व्हरांड्यातून येतच होती. पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली. भिंतीला एक हात लावून चालत होती, इतकी सावकाश की वीस पावलांच्या व्हरांड्यात तिला कितीतरी वेळ लागला असावा. मी म्हणालो, “बाळा, मॅडमच्या ऑफिसात बस.” ती लगेच वळली आणि जवळजवळ पळतच ऑफिसात गेली. का, असं तिने विचारलं नाही. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. जास्त विचार मी केला नाही.

पोलिसांच्या ११२ला फोन केला. पलीकडच्या बाईंनी सगळं नीट लिहून घेतलं आणि गाडी पाठवते म्हणाल्या. गाडी कुठल्यातरी बंदोबस्तात होती, थोडा वेळ लागेल. थोडा म्हणजे किती, हे त्यांना सांगता येईना. साडेचार वाजले होते. पाचला शाळा सुटणार. तीनशे मुलं आणि त्यांचे पालक एकाच गेटवर. टेम्पो तिथेच.

मला भीती वाटली. कंपनीत आग लागली, चोरी झाली, संपात दगड आले, तेव्हा इतकी वाटली नव्हती. याला आत्ता बाहेर काढावा तर तो गेटवर उभा राहील आणि पाचच्या गर्दीत पोरीचा हात धरील. आत ठेवावा तर कुठल्या अधिकारात? माझ्या अकरा पानांत याला उत्तर नव्हतं. तो अनोळखी नव्हताच ना.

सुमनबाईंना बाजूला घेतलं आणि हुकूम वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं. चेहरा एकदम उतरला.

“आन मी त्याला च्या पाजला,” त्या म्हणाल्या. मग, “हे लताच्या आईनं मला सांगाया नको का? रोज भाजी निवडतो आम्ही संगट.”

“बाई, ते नंतर. आता तीन शिट्ट्या देऊन त्याला धरू या.”

“शिट्टी राहू द्या, सायेब. शिट्टी दिली की उठंल तो. पोलीस कवा येतील?”

“माहीत नाही.”

“लता?”

“सव्वापाच होतील.”

त्यांनी जॅकेट काढून माझ्या हातात दिलं, पदर डोक्यावर घेतला आणि कंपाउंडच्या भिंतीपाशी जाऊन मागच्या गल्लीत हाक मारली. “अगं ए, गल्लीचं जावई आलेत शाळंत. अधिकाचा महिना हाय. तसंच कोरडं धाडायचं का त्यांना? तबकं घिऊन या.”

दहाव्या मिनिटाला पहिली बाई आली. अधिक महिन्यात घरोघर स्वतःच्या जावयासाठी अनारशांचे डबे भरलेलेच असतात, म्हणून वेळ लागला नाही. पाठोपाठ दुसरी, तिसरी. मी मोजल्या, नऊ झाल्या. तबकं, निरांजनं, कुंकू, अक्षता. सुमनबाई सोडून एकीलाही खरं माहीत नव्हतं. सगळ्या मनापासून आल्या होत्या, आणि त्यामुळेच त्याला शंका आली नाही.

“अहो कशाला, मला जायचंय,” तो उठायला लागला.

“बसा जावईबापू. ओवाळताना उठू नये,” सुमनबाई म्हणाल्या.

तो बसला. त्याच्याही घरी आई असणार, तिनेही हेच शिकवलेलं असणार. पहिलीने ओवाळलं, टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला. दुसरीने ओवाळलं, नारळ दिला. तिसरीने बत्तासे. निरांजन वाऱ्याने विझलं, ते पुन्हा लावलं. टोपीवर टोपी चालत नाही, म्हणून पहिली काढून दुसरी घातली. तीन नारळ आणि अनारशांचा डबा मांडीवर घेतलेला माणूस झटकन उठू शकत नाही, हे मला सव्वीस वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं.

“पोरगी कुठंय?” दर दोन-तीन मिनिटांनी तो विचारायचा.

“येतीया. बाई वह्या तपासत्यात. तवर नाव घ्या बघू लताचं.”

त्याने नाव घेतलं. यमकात घेतलं. बायका हसल्या. तोही थोडा हसला, आणि मला पहिल्यांदा त्याचं वाईट वाटलं. पायाशी त्याची पिशवी होती. तिच्यातून एक फ्रॉक डोकावत होता, गुलाबी, झालरीचा. फ्रॉक सहा-सात वर्षांच्या मुलीला झाला असता. कावेरी आठची होती. मुलीची उंची त्याच्या हिशोबात जिथे थांबली होती, त्या मापाचा त्याने आणला होता.

वाईट वाटलं म्हणून गेट उघडायचं नसतं. तेवढं मात्र मला येत होतं.

पाच वाजता शाळा सुटली. भास्कररावांनी पुढच्या गेटला कुलूप घालून सगळी मुलं बालवाडीच्या बाजूच्या छोट्या दाराने काढली. एकेकाचं कार्ड बघून, कंडक्टरच्या सवयीने, “पुढे चला, पुढे चला” करत. पालकांनी शिव्या घातल्या. ते कार्डंच बघत राहिले.

पाच वाजून दहा मिनिटांनी मोटारसायकलवरून गस्तीचे दोन पोलीस, बीट मार्शल, आले. त्यांच्या मागोमाग रिक्षातून लता उतरली, अंगावर कँटीनचा एप्रन तसाच. गर्दी, तबकं आणि मधोमध टोपी घातलेला नवरा बघून ती जागीच थबकली. कपाळावर नऊ जणींचं कुंकू लावलेला तो माणूस तिच्याकडे बघत राहिला. पोलिसाने हुकूम वाचायला घेतला. लता माहेरी आल्यापासून आठ महिने गल्लीपासून जे लपवलं होतं ते सगळं गल्लीसमोरच वाचलं गेलं. एक बाई तबक घेऊन गुपचूप मागे सरकली.

“मी बाप आहे तिचा,” तो म्हणाला.

“मान्य आहे,” पोलीस म्हणाला. “शनिवारी कोर्टात भेटा. इथून न्यायचं नाही असं लिहिलंय.”

“शनिवारी एक तास देतात. त्या खोलीत. बाकीची पोरं रडत असतात. त्यात काय भेटायचं?”

पोलिसाने हुकमाची घडी घातली.

त्याने मांडीवरचे नारळ एकेक करून टेबलावर ठेवले. माझ्या रजिस्टरवर. तेवढ्यात कावेरी जाधव मॅडमचं बोट धरून ऑफिसच्या दारात आली. त्याने हात पुढे केला. “कावेरी, येतेस ना?”

ती आईकडे बघेल असं मला वाटलं होतं. तिने आईकडे बघितलं नाही. सरळ बापाकडे बघून म्हणाली, “पप्पा, आज बुधवार आहे. शनिवारी या. मी येते शनिवारी.”

अगदी शांतपणे म्हणाली. वेळापत्रक सांगावं तसं.

तो गेला. पिशवी ठेवून गेला. टेम्पो कोपऱ्यावरून वळला. मग सुमनबाई लताजवळ गेल्या. “आधी बोलली असतीस तर गेटवरच उभा केला असता त्याला,” म्हणाल्या, आणि तिला जवळ घेतलं. लता तेव्हा रडली. पोर रडली नाही. तिने दप्तर उघडून अनारसा खायला घेतला, तो तिला कुणी दिला मला ठाऊक नाही.

रिपोर्ट लिहायला मी ऑफिसात बसलो. घटना घडली की त्याच दिवशी रिपोर्ट, ही माझी जुनी सवय. तिसरीच्या वर्गशिक्षिका दाराशी उभ्या होत्या. नवीन आहेत, वय पंचविशीचं.

“सर, एक सांगायचं होतं. गेटवरून निरोप आला तेव्हा मी कावेरीला म्हटलं, पप्पा आलेत, दप्तर घे. तर ती म्हणाली, ‘पण आज शनिवार नाहीये.’”

“मग?”

“मला वाटलं, अर्धा दिवस शाळा शनिवारी असते, म्हणून म्हणतेय. मी म्हटलं, असू दे गं, आज लवकर सोडलंय. तिने परत एकदा सांगितलं. मी म्हटलं, उशीर करू नको, पप्पा थांबलेत.”

मी पेन खाली ठेवलं.

गेटवर दोघं होते, वर्गात एक, ऑफिसात एक, आणि सगळ्यांच्या वर मी. हुकूम कपाटात होता. तो नीट पाठ असलेलं माणूस त्या आवारात एकच होतं, कावेरी. तिने दोनदा सांगितलं आणि आम्ही तिला दप्तर घ्यायला लावलं. त्या सावकाश चालण्याचा अर्थ मला तेव्हा लागला. लाज वाटली. अजून वाटते.

त्या मॅडमना मी रागावलो नाही. रागवायचं तर अकरा पानं लिहिणाऱ्यावर रागवायला हवं होतं.

आता त्या शाळेत कोर्टाच्या हुकमाची प्रत गेटच्या टेबलात असते, घडी घालून, आणि स्वयंसेवकांना त्यातलं काय बोलायचं नाही ते सांगितलेलं असतं. सुमनबाई अजून गेटवर आहेत. जावई असो नाहीतर व्याही, कार्ड मागतात, आणि मग हवं तर चहा देतात. दुसऱ्या दोन शाळांनी मला ट्रेनिंगला बोलावलं. तिथे पहिल्या पानावर मी आता वेगळं वाक्य लिहितो, ‘मुलाला विचारा. उत्तर समजलं नाही तर परत विचारा.’ लोक म्हणतात, साहेब, एवढं साधं? मी म्हणतो, हो.

कंपनीत गेटमधून माल बाहेर जायचा तेव्हा आम्ही चलन बघायचो, शिक्का बघायचो, सही बघायचो. मालाला कधी काही विचारायचो नाही. शाळेत आलो तेव्हा तीच पद्धत मी सोबत घेऊन आलो होतो.